अकरावी सूचना

बाईंकडे पियानो शिकलेल्या प्रत्येकाच्या घरात ती दोन पानं कुठे ना कुठे सापडली असती. वर ठळक अक्षरांत ‘दुसऱ्या भागासाठी सूचना’, खाली एक ते एकोणीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे बाईंच्या तिरक्या हस्ताक्षरातल्या दोन-तीन ओळी. मूळ कागद केव्हाच घडीवर फाटला होता. त्याची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स असं होत होत अक्षरं इतकी सुजली होती की नवीन मुलांना ‘खांदा’ हा शब्द ‘सांदा’ वाटायचा.

दुसरा भाग म्हणजे एका जुन्या सोनाटाचा मधला, संथ भाग. पहिला भाग धावपळीचा, तिसरा नाचरा. त्या दोन्हींत मुलं बोटं पळवून वेळ मारून नेत. मधला मात्र सहा मिनिटांचा आणि दिसायला इतका सोपा की शिकवणीच्या चौथ्या वर्षाचं पोरही कागद बघून म्हणायचं, “एवढंच?” बाई सहाव्या वर्षाआधी कुणाला त्याला हात लावू देत नसत. “ह्यात लपायला जागा नाही,” त्या म्हणायच्या. “चुकलात तर उघड्यावर चुकाल.”

पहिली सूचना होती : ‘पहिला सूर वाजवण्याआधी शेवटचा सूर मनात ऐका.’ चौथी : ‘बोटांनी ढकलू नका. हाताचं वजन खांद्यापासून खाली येऊ द्या, भरलेली बादली जमिनीवर ठेवतो तसं.’ नववी : ‘डाव्या हाताला आपण नोकर आहोत असं वाटू देऊ नका.’ मुलं ही वाक्यं एकमेकांना चिडवायलाही वापरत. पण सगळ्यांना तोंडपाठ असायची ती अकरावी. ‘एकावन्नाव्या बारापाशी थांबा. खालचा सूर वाजवा, पेडल धरा, श्वास घ्या. तो सूर विझत आला की मगच वर जा. घाई केलीत तर सगळं दुःख सांडून जाईल.’

बार म्हणजे सुरांच्या कागदावर उभ्या रेघा मारून पाडलेला खण; पेडल म्हणजे पायानं दाबायची कळ, ती धरली की सूर लांबतो. एकावन्नाव्या खणात डाव्या हाताला दोन सूर एकदम वाजवायचे असतात, आणि त्या दोघांत दहा पांढऱ्या पट्ट्यांचं अंतर. बाईंचा हात कसाबसा आठ पट्ट्यांना पुरायचा.

ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. लपवत होत्या असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

बाविसाव्या वर्षी, शेवटच्या परीक्षेला, त्यांच्या मास्तरांनी त्यांना हाच सोनाटा दिला होता. मास्तर तोंडाचे फटकळ. “तुझा हात शिकवणाऱ्याचा आहे, वाजवणाऱ्याचा नाही,” असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. बाईंनी महिनाभर अंगठा ताणला, गरम पाण्यात हात बुडवले, मनगट सुजवून घेतलं. हात काही वाढला नाही. शेवटी त्यांनी ते दोन सूर एकापाठोपाठ घ्यायचे ठरवले : आधी खालचा, मग वरचा. पण तसं पटकन केलं की ठेच लागल्यासारखं वाटायचं. म्हणून मध्ये जरा थांबून पाहिलं. थांबल्यावर ते ठेच लागल्यासारखं न वाटता कुणी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटायला लागलं. परीक्षेच्या दिवशी तीन परीक्षकांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ही विश्रांती तुला कुणी शिकवली?”

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या होत्या. ते खरंच होतं.

त्यानंतर अडतीस वर्षं बाईंनी ती विश्रांती शिकवली. सुरुवातीची दोन-चार वर्षं कदाचित त्यांना ती कुठून आली हे आठवत असेल. पुढे विसरल्या. नोकरी नव्हती, लग्न झालं नाही, कार्यक्रम कुणी दिले नाहीत. बाहेरच्या खोलीत एक उभा पियानो, समोर चपलांचं कपाट आणि आठवड्याला अकरा-बारा मुलं. त्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं ते त्या दोन पानांत होतं, आणि त्यातही अकराव्या ओळीत.

मोठी बहीण, ताई, त्यांच्यासोबतच राहायची. ती इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण भिंतीपलीकडून तोच भाग इतकी वर्षं ऐकल्यामुळे ती भाजी चिरता चिरता एकावन्नाव्या बाराला सुरी थांबवायची.

त्या वर्षी बाईंकडे लंबू होती. सतरा वर्षांची, उंच, खाली मान घालून चालणारी. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. नऊ वर्षांची असताना ते तिला घेऊन आले तेव्हा म्हणाले होते, “हिला एका इमारतीतल्या पियानोपासून ओढून आणावं लागलं. मी लिफ्ट चालू केली, पण ही काही बाहेर येईना.” बाईंनी तिचे हात पाहिले आणि त्यांच्या छातीत काहीतरी लकाकलं. तसे हात त्यांनी एकदाच पाहिले होते. म्हणजे पाहिले तेव्हा ते तसे नव्हते, नंतर झाले.

ते हात चिमण्याचे. चिमण्या बाईंकडे आला तेव्हा इतका लहान होता की स्टुलावर दोन जाड पुस्तकं ठेवून त्याला बसवावं लागे. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो परदेशी गेला आणि पुढे मोठा झाला, अगदी वर्तमानपत्रात फोटो छापून येण्याइतका. बाई ते फोटो कापून ठेवत. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली, मग नुसती भेटकार्डं, मग तीही नाहीत. “कामात असतो,” बाई म्हणायच्या. “हो ना, चिमण्यांना फार कामं,” असं ताई म्हणायची.

तो येणार, आणि इथल्या संगीत महाविद्यालयात एक दिवस जाहीर शिकवणी घेणार, हे कळलं तेव्हा बाई आठवडाभर हवेत होत्या. निवडक चार विद्यार्थी मंचावर वाजवणार, तो सगळ्यांसमोर त्यांना सुधारणार. बाईंनी प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितलं, “माझी एक मुलगी आहे. दुसरा भाग वाजवेल.”

सहा महिने त्यांनी लंबूला एकोणीसच्या एकोणीस सूचनांमधून पिळून काढलं. अकराव्या सूचनेला पोरगी अडायची.

“बाई, माझा हात पोहोचतो इथे. दोन्ही एकदम वाजवू का?”

“पोहोचतो म्हणून जायचं असतं का सगळीकडे?” बाई म्हणाल्या. “थांब. श्वास घे.”

लंबूनं मान खाली घातली आणि श्वास घेतला.

शिकवणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. चिमण्या दारातच भेटला. पोट सुटलेलं, कानशिलं पांढरी, पण हसू तेच. “बाई! अजून तशाच्या तशा!” म्हणून त्यानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या तळव्यांत ते कुठे हरवले ते दिसलंही नाही. मंचावर गेल्यावर त्यानं माईक हातात घेऊन पहिलंच वाक्य टाकलं, “माझ्या पहिल्या बाई इथे चौथ्या रांगेत बसल्या आहेत. मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे.” टाळ्या पडल्या. माना वळल्या. ताईनं बाईंना कोपरानं ढोसलं, “उभी राहा की जरा.” बाई अर्धवट उठल्या आणि पटकन बसल्या. त्यांचे कान गरम झाले होते.

पहिली मुलगी दुसरंच काही वाजवायला बसली. चिमण्यानं तिला मध्येच थांबवलं. “बोटांनी ढकलू नकोस. हाताचं वजन खांद्यापासून खाली येऊ दे. भरलेली बादली जमिनीवर ठेवतो ना, तसं.” लोकांनी “वा” केलं. कितीतरी जणांनी वहीत लिहून घेतलं.

“ही बादली आपल्या घरची ना गं?” ताई कुजबुजली.

“श्श.”

दुसऱ्या मुलाला त्यानं डाव्या हाताला नोकर समजू नकोस असं सांगितलं. तिसऱ्याला, पहिल्या सुराआधी शेवटचा सूर ऐक. दर वेळी तो क्षणभर डोळे मिटायचा, जणू ते वाक्य आत्ताच त्याच्या मनात उगवत होतं. बाई हसत होत्या. आपलं मूल दुसऱ्याच्या अंगणात आपल्याच चालीनं चालताना बघून माणूस हसतं, तसं. कुठेतरी एक बारीकशी टाचणी टोचत होती, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आता लंबूची पाळी होती. आता तो बोलेल, त्यांना वाटलं. आता ह्या सगळ्या बादल्या कुणाच्या ते सांगेल.

लंबू बसली. तिनं फार छान वाजवलं. एकावन्नावा बार आला. ती थांबली, श्वास घेतला. भाजी चिरत नसतानाही ताईचा हात मांडीवर थबकला. मग लंबू वर गेली.

“थांब,” चिमण्या म्हणाला.

तो उठून पियानोपाशी आला. “हे काय केलंस?”

“थांबले,” लंबू म्हणाली.

“का?”

“तसं लिहिलंय.”

“कुठे?” त्यानं तिच्या समोरचं पुस्तक उचललं. “इथे तर नाही लिहिलेलं. दोन सूर एकावर एक छापलेत. म्हणजे एकदम वाजवायचे.”

लंबूनं गोंधळून पुस्तकाच्या मागून दोन पानं काढली. तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं. चिमण्यानं ती हातात घेतली, आणि बाईंनी पाहिलं की त्यानं ती ओळखली. त्याचा चेहरा क्षणभर अगदी नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला. त्या क्षणी तो थांबला असता तरी चाललं असतं. पण समोर दीडशे माणसं होती, माईक हातात होता आणि त्याला सवय होती.

“‘घाई केलीत तर’,” त्यानं मोठ्यानं वाचलं, आवाज जरा कापरा करून, “‘सगळं दुःख सांडून जाईल.’”

सभागृह हसलं. दुष्टपणे नव्हे, माणसं शिकवणीत हसतात तसं, आपण शहाणे असल्यासारखं.

“हा श्वास कशाचा आहे माहीत आहे?” तो म्हणाला. “हा लहान हाताचा श्वास आहे. कुणाचा तरी हात पोहोचत नव्हता. म्हणून खालचा सूर आधी घ्यावा लागला, आणि मग त्या अडचणीला दुःख असं नाव ठेवलं.” त्यानं लंबूचा डावा हात मनगटाला धरून वर केला. “हा हात बघा. ह्याला अकरा पट्ट्या पोहोचतील. मग हिनं दुसऱ्याची अडचण का वाहायची? वाजव. एकदम.”

मघाशी टाळ्यांच्या वेळी वळल्या होत्या त्यातल्या काही माना पुन्हा वळल्या. बाई पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच्या एका स्क्रूकडे बघत राहिल्या.

लंबूनं चार बार मागून सुरुवात केली आणि एकावन्नाव्याला दोन्ही सूर एकदम घेतले.

चिमण्या चुकला असता तर बरं झालं असतं. बाईंनी पुढे कित्येक दिवस हेच वाक्य मनात घोळवलं. पण ऐकण्याच्या बाबतीत त्यांनी स्वतःला कधी फसवलं नव्हतं. तो बार न थांबता गेला आणि सबंध दुसरा भाग उलगडला. इतकी वर्षं बाई त्या दुःखाला बाकावर बसवून पाणी पाजत होत्या. ते तर चालत होतं. मागे न बघता, तेवढ्याच संथ पावलांनी, पुढे पुढे. आणि थांबत नव्हतं म्हणूनच ऐकवत नव्हतं. लंबू वाजवता वाजवता रडत होती. सभागृहात कुणी हललं नाही.

“बघा,” चिमण्या हळूच म्हणाला.

संपल्यावर तो बाईंना कॉरिडॉरमध्ये भेटला. घड्या घातलेल्या खुर्च्यांची रास होती तिथे. ताई पुढे आली होती, पण बाईंनी तिला पाण्याच्या निमित्तानं पाठवून दिलं.

“बाई, रागावलात?”

“माझं नाव घेऊन आधी टाळ्या कशाला वाजवायला लावल्यास?” बाई म्हणाल्या. “नुसता फटका मारला असतास तरी लागला असताच.”

“मी नाव कुठे घेतलं? त्या सूचनेच्या वेळी...”

“अरे, लोकांना डोळे असतात.”

तो एकदम, बरीच वर्षं दाबून ठेवल्यासारखं, बोलायला लागला. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेत त्यानं दुसरा भाग वाजवला. एकावन्नाव्या बाराला तो थांबला. परीक्षकांनी विचारलं, का थांबलास? तो म्हणाला, माझ्या बाईंनी सांगितलंय. “ते हसले, बाई. आज इथले हसले ना, तसेच. पहिल्याच फेरीत बाहेर. त्यानंतर दोन वर्षं मी तो श्वास पुसत होतो. डोक्यातून जायचा, हातातून जायचा नाही. अजून तो बार आला की पाय आपोआप पेडलकडे जातो.”

“तू वाजवायचास तेव्हा तुझा हात एवढाच होता,” बाईंनी आपला तळवा पुढे केला. “तेव्हा तुला दुसरं काय सांगायला हवं होतं मी?”

“तेव्हा बरोबर होतं. नंतर हात वाढला. सूचना नाही वाढली.”

बाईंनी आपला तळवा मिटला.

“मग मला कळवलं का नाहीस? दोन ओळी लिहिल्या असत्यास. त्यानंतर मी किती पोरांना ते शिकवलं, माहीत आहे? सत्तर? ऐंशी?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

खरं उत्तर बाईंना माहीत होतं, आणि ते त्यांना त्याच्यापुढे द्यायचं नव्हतं.

“बाकीच्या अठरा सूचना मात्र मी अजून रोज वापरतो,” तो म्हणाला. त्याला खरंच त्यांना बरं वाटावं असं वाटत होतं. “जगात कुठेही गेलो तरी. लोक म्हणतात, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.”

“आणि तू काय म्हणतोस?”

तो हसला. खांदे उडवले. तेवढ्यात प्राचार्य त्याला जेवायला न्यायला आले.

घरी येताना ताई सबंध रस्ता बोलत होती. “जिभेला हाड नाही मेल्याच्या. दोन पुस्तकांवर बसवून शिकवलंस त्याला! मीच पुसायचे त्याचं नाक.” अठरा सूचना त्याच्या, एक आपली, आणि ती चुकीची. हा हिशेब बाईंच्या डोक्यात इतका लख्ख मांडला गेला होता की तो ताईला सांगायचीही गरज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी लंबू नेहमीच्या वेळेला आली. चपला कपाटात ठेवल्या, स्टुलावर बसली, पण झाकण उघडलं नाही.

“बाई, एक विचारू? तुमचा हात खरंच पोहोचत नाही?”

बाईंनी झाकण उघडून डावा हात पट्ट्यांवर पसरला. करंगळी खालच्या सुरावर, अंगठा ताणून ताणून आठव्या पट्टीच्या कडेवर. हाताच्या शिरा वर आल्या. लंबूनं ते बघितलं, फार वेळ बघितलं नाही, आणि नजर काढून घेतली.

“मग मला आधी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. माझा पोहोचतो म्हणाले होते.”

“मला वाटत होतं ते दुःख आहे.”

“आणि आता?”

“आता तू ऐकलंस ना? मग मला काय विचारतेस?” हे जरा तोडूनच बोललं गेलं. बाईंना ते मागे घ्यायचं होतं, पण मुलीनं आधीच मान खाली घातली होती. उरलेला तास त्यांनी तिसरा भाग घेतला. लंबूनं तो नीट वाजवला आणि जाताना नेहमीसारखं “येते” म्हणायला विसरली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तिचे वडील एकटेच आले. दारातच उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. हातात हत्यारांची पिशवी तशीच होती. चिमण्यानं मुलीला स्वतःकडे बोलावलं होतं, राहण्याखाण्यासकट.

“तिला स्वतः येऊन सांगायला जमलं नाही,” ते म्हणाले. “रडते नुसती. तुमच्यावर रागावलीय की स्वतःवर, मला कळत नाही. मला त्यातलं काही समजत नाही, बाई. पाठवू ना?”

“पाठवा,” बाई म्हणाल्या. “तिथे तिला कुणी थांबवणार नाही.”

वडिलांना हे कौतुक वाटलं. ते मनापासून आभार मानून गेले.

मग बाईंनी एक खुळेपणा केला. जुन्या वहीतून माजी विद्यार्थ्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन करायला बसल्या. ताई म्हणाली, “डोकं फिरलंय का तुझं? दवाखान्यात चुकीचं औषध दिल्यासारखी काय सगळ्यांना बोलावतेस?”

“तसंच आहे ते.”

पहिला फोन दाताच्या डॉक्टरीणबाईंना. “अगं, ती अकरावी सूचना चुकीची आहे. दोन्ही सूर एकदम घ्यायचे. तुझा हात चांगला मोठा होता.”

“कुठली सूचना, बाई? अहो, पियानो देऊन सात वर्षं झाली. आता तिथे धाकट्याचं कपाट आहे.” मग हसून, “दुखत वगैरे नाही ना काही? दात?”

दुसरा फोन एका बँकेतल्या अधिकाऱ्याला. त्याला सूचना पाठ होती, त्यानं ती फोनवर म्हणूनही दाखवली. “पण बाई, मी ती बायकोशी भांडण झालं की वापरतो. खालचा सूर विझत आला की मगच वर जायचं. फार उपयोगी आहे.” तो खुशीत होता. बाईंनी त्याला पुढे काही सांगितलं नाही.

तिसऱ्या मुलीचा आवाज मात्र बदलला. ती अजून वाजवायची, एका शाळेत शिकवायचीही. “चुकीची? बाई, मी ती माझ्या मुलांना शिकवते.” “माझ्याकडे अजून तीच पानं आहेत. मीही झेरॉक्स करून वाटली.” बाईंनी तिला सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, “तुम्ही जरा आधी सांगायला हवं होतं.” जवळपास हेच बाईंनी कॉरिडॉरमध्ये चिमण्याला म्हटलं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि वही मिटली. बाकीचे नंबर तसेच राहिले.

चार महिन्यांनी महाविद्यालयातून एक जाड पाकीट आलं. सोबत प्राचार्यांचं पत्र. त्या दिवसाच्या शिकवणीवरून आणि नंतर पाठवलेल्या टिपणांवरून पाहुण्या कलावंतांच्या ‘वादकांसाठी मार्गदर्शक सूचना’ अशी एक पुस्तिका महाविद्यालय काढत होतं. छापण्याआधी कुणी जाणकारानं मजकूर तपासायला हवा होता. पाहुण्यांनीच, म्हणजे चिमण्यानंच, बाईंचं नाव सुचवलं होतं. ‘त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी वाचणार नाही,’ असं ते म्हणाल्याचं प्राचार्यांनी मुद्दाम लिहिलं होतं.

बाईंनी चष्मा लावला. सूचना अठरा होत्या. शब्द थोडे इकडे-तिकडे, क्रम बदललेला, पण बादली होती, नोकर होता, शेवटचा सूर होता. ताईनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि तिचा आवाज चढला. “हे सगळं तुझं आहे! आत्ता फोन लाव त्या प्राचार्याला. तुझी जुनी पानं दाखव. सत्तर-ऐंशी साक्षीदार आहेत.”

“आणि पानावरची अकरावी? ती पण दाखवू?”

ताईनं प्राचार्यांच्या पत्राची घडी घातली.

चौदाव्या सूचनेत बाई अडल्या. पुन्हा वाचली. ‘चाल परत येते तेव्हा उजवा हात मोठा आणि डावा हात हळू ठेवा.’ त्यांच्या पानावर नेमकं उलट होतं. चाल परत येताना ती डाव्या हातात येते. उजव्यानं मागे सरायचं असतं. चिमण्याला नीट आठवलं नव्हतं, किंवा टिपणं घेणाऱ्यानं घोळ घातला होता. ह्याप्रमाणे कुणी वाजवलं तर दुसरा भाग शेवटी पार चिखल होईल.

ताईनं ओळखलं. संगीत नाही, पण बहीण चूक सापडल्यावरच अशी अडते, एवढं तिला इतक्या वर्षांत समजत होतं. “राहू दे तसंच,” ती म्हणाली. “छापू दे. त्यानं तुझी चूक पंचवीस वर्षं राहू दिली ना? मग पडू दे त्याला तोंडावर. सगळ्या जगासमोर.”

बाईंनी पेन हातात धरलं होतं. त्यांना ते फार हवंसं वाटलं. त्यांनी ते चित्र पुरतं रंगवून पाहिलं : दीडशे माणसं, माईक, कुणीतरी पुस्तिका वर करून विचारतंय, आणि चिमण्याचा तो नऊ वर्षांचा चेहरा. बघताना बरं वाटलं, अगदी खोलवर बरं वाटलं, ह्याची त्यांना लाज वाटली नाही. पण चिमण्या काही ही पुस्तिका वाचून वाजवणार नव्हता. ती वाचून वाजवणार होती ती कुठल्या तरी खोलीत, कुणाच्या तरी उभ्या पियानोवर बसलेली पोरं. आणि ती विचारणार नव्हती. छापलंय म्हटल्यावर मान खाली घालणार होती.

त्यांनी ‘उजवा’वर काट मारून ‘डावा’ लिहिलं, ‘डावा’वर काट मारून ‘उजवा’. समासात खूण केली. मग पुढच्या चार सूचनांमधले दोन चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, पाकिटाला तिकिटं लावली आणि स्वतः जाऊन टाकून आल्या. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पुस्तिका आली ती चांगल्या जाड कागदावर. मुखपृष्ठावर चिमण्याचा हात, डावा, पट्ट्यांवर ऐसपैस पसरलेला. ताईनं आधी शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “‘आभार. मुद्रणप्रत तपासून देणाऱ्या स्थानिक शिक्षिका.’ बस. एवढंच. नावसुद्धा नाही!”

“चौदावी बघ,” बाई म्हणाल्या. “नीट छापलीय का?”

ताईनं चष्मा शोधला, पानं उलटली, ओठ हलवत वाचलं.

“नीट आहे,” ती शेवटी म्हणाली, आणि पुस्तिका टेबलावर इतक्या जोरात आपटली की वरचा पेला पडला. बाईंनी फडकं आणून पाणी पुसलं.